वर्षभर मागणी नाही

“दहा सेकंद! उद्या तू बटण दाबलंस की दहा सेकंदांत तुझी आई बोलायला लागेल!” काकांनी फोनवर लेकीला छातीठोकपणे सांगितलं.

काका म्हणजे कारखान्याचे निवृत्त स्टोअरकीपर. तीस वर्षं त्यांनी एकच कायदा पाळला : ज्या मालाला वर्षभर मागणी नाही, तो भंगारात! सगळी गल्ली त्यांना भंगारकाकाच म्हणायची.

घरातला जुना कंप्युटर सुरू व्हायला चांगली चार मिनिटं घ्यायचा. त्यात काकूंचा आवाज होता. आजारपणात, अजून जन्माला न आलेल्या नातवंडासाठी त्यांनी एक गोष्ट रेकॉर्ड करून ठेवली होती. काकूंना जाऊन वर्ष झालं, पण ती गोष्ट लावायचा काकांना धीर झाला नव्हता. उद्या लेक नातीला घेऊन यायची होती, आणि गोष्ट लावायचीच असं तिनं ठरवलं होतं.

कंप्युटर चालवणारी लिनक्स ही प्रणाली लेकीनंच घालून दिली होती. त्याचा कर्नल म्हणजे आतला मुकादम, डिस्कपासून कीबोर्डपर्यंत सगळ्यांना कामाला लावणारा. हा मुकादम हलका केला की मशीन पळतं, असं काकांनी कुठंतरी वाचलं. त्यांनी कर्नलच्या भागांची यादी उघडली. हजारो नावं! काका खुर्चीत सरसावले. हे काय? ठाऊक नाही. नको! हे? कधी ऐकलं नाही. नको! नवा कर्नल तयार झाला, तसा त्यांनी जुना पुसून टाकला. एका कारखान्याला दोन मुकादम कशाला?

सकाळी बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांचा चिवडा झाला आणि मशीन तिथंच थिजलं. काकांनी पुन्हा दाबलं. पुन्हा तेच! त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

दारात लेक उभी, कडेवर नात.

“बाबा, काय केलंत?”

“काही नाही गं. थोडी साफसफाई.”

लेकीनं पडदा वाचला. “याला डिस्कच सापडत नाहीये. तिला कामाला लावणारा भाग, तिचा ड्रायव्हर, काढलात?”

“त्यावर डिस्क असं लिहिलेलंच नव्हतं! चार इंग्रजी अक्षरं होती नुसती!”

“आणि जुना कर्नल?”

“तोही पुसला,” काका चपलांकडे बघत म्हणाले.

“म्हणजे... ती गेली?” त्यांनी अगदी बारीक आवाजात विचारलं. लेकीला एकदम भरून आलं. वर्षभर बाबांनी हा प्रश्न कुणालाच विचारला नव्हता.

“डिस्क शाबूत आहे, बाबा. फक्त तिला हाक मारणारं कुणी उरलं नाही.”

तिनं पेन ड्राइव्हवरून मशीन कसंबसं चालू केलं, डिस्कचा ड्रायव्हर परत घेतला, कर्नल पुन्हा बनवला. दीड तास गेला. तोवर नातीनं काकांचा चष्मा चावून पाहिला.

मशीन सुरू झालं. दहा सेकंदांत! काकांनी गोष्ट लावली. पडद्यावरची पट्टी पुढं सरकू लागली. आवाज मात्र नाही.

लेकीनं स्पीकर पाहिला, वायर पाहिली, मग यादी उघडली. “बाबा, साउंडसुद्धा काढलात?”

“वर्षभर मागणी नव्हती,” काका म्हणाले आणि ढसाढसा रडू लागले. लेक त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि तिच्याही डोळ्यांना धार लागली.

मग साउंडसाठी पुन्हा तेवढाच खटाटोप. शेवटी एकदाचा काकूंचा आवाज खोलीत आला, जरासा दमलेला. ससा आला, कोल्हा आला, ससा सुटला. नात तोंडात बोट घालून ऐकत होती. गोष्ट संपली, तरी पट्टी सरकतच राहिली. काकूंना बंद करायचं सुचलं नसावं.

“झालं बाई एकदाचं,” त्या म्हणाल्या. मग रेकॉर्डिंगमध्येच लांबून काकांचा आवाज : “थांब, मी बंद करतो!”

“अजिबात हात लावू नका! तुम्ही सगळं पुसून टाकाल!” काकू कडाडल्या, आणि रेकॉर्डिंग संपलं.

काकांनी डोळे पुसले, नाक पुसलं आणि लेकीकडे चोरट्या नजरेनं पाहिलं.

“पुन्हा लाव,” ते म्हणाले. “पण बटण तूच दाब.”