टाकी रिकामी ठेवण्याचा ठराव

तलवाड्याच्या अलीकडे आमच्या वस्तीवर सहकारी पाणीपुरवठा संस्थेची सिमेंटची टाकी आहे. ती २०११ साली पूर्ण झाली आणि तिचे उद्घाटन दोनदा झाले. पाणी एकदाही आले नाही, पण ती तांत्रिक बाब होती. मी संस्थेचा सचिव असल्याने पुढील हकिकत इतिवृत्तावरून सांगतो आहे.

२०१३च्या दुष्काळात आपले वेल्डिंगचे दुकान बंद पडल्यावर वस्तीवरच्या सिदूने रॉक संगीताचा अल्बम करायचे मनावर घेतले. टाकीत उतरून त्याने गिटारची तार छेडली, तेव्हा आवाज असा घुमला की शिडीवर उभे असलेले आमचे चेअरमन सुंदरराव पडता पडता वाचले. त्यांनी सिदूला वर बोलावले.

"संस्थेच्या टाकीत गानं करायचं तर ठराव लागंल," सुंदरराव म्हणाले. "तुजा ब्यांड नोंदणीकृत हाय का?"

"न्हाई."

"मंग आमची उपसमिती हो."

अशा रीतीने बँड उपसमिती झाला. प्रत्येक गाण्याला सूचक आणि अनुमोदक मिळाले. पत्र्याची पिंपे किती जोरात बडवावीत यावर मतदान झाले. तिसऱ्या गाण्यातली गिटार फार लांबली म्हणून दोन संचालकांनी हरकत घेतली. ती नोंदवून गिटार तशीच ठेवली. इतक्या शिस्तीतला रॉक दुसरीकडे कुठे झाला असेल असे मला वाटत नाही.

शेवटच्या दिवशी साखराआत्यांनी टाकीच्या झाकणातून डोके आत घातले. योजनेचा पहिला नळ त्यांच्याच दारात बसवला होता. टँकरचा थांबा दोन कोसांवर, आणि सहा शेळ्यांपैकी दोन तहानेने गेलेल्या. "सिद्या, गानं ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "पानी कधी येनार हाय रं?" प्रश्न टाकीत बराच वेळ फिरत राहिला. रेकॉर्डिंग चालूच होते. सिदूने तो तसाच ठेवला.

अल्बम फार गाजला. पुण्या-मुंबईच्या जाणकारांनी आत्यांच्या प्रश्नात मानवी अस्तित्वाची तहान आहे असे लिहिले. मुले तो कानात घालून फिरू लागली. टाकी पाहायला येणाऱ्यांना आम्ही थंड पाण्याच्या बाटल्या देऊ लागलो. शेजारच्या काही संस्थांनीही प्रेरणा घेऊन आपापल्या टाक्या रिकाम्या ठेवल्या. त्यासाठी त्यांना वेगळे कष्ट पडले नाहीत.

मग तीन वर्षांनी पाऊस झाला, तळे भरले आणि कुणाच्या तरी हातून पाइप जोडला गेला. पाणी सोडायची तारीख जाहीर होताच राज्यभरातून हरकती आल्या. टाकी भरली तर तो नाद कायमचा बुडेल, असे त्यांत कळकळीने लिहिले होते. संस्थेने विशेष सभा बोलावली. ती रसिकांनी भरून गेली. सभासदांना बाहेर उभे राहावे लागले.

सिदू उठला. "आत्याच्या नळाला पानी येऊ द्या. अल्बम तर झाला की."

"कलाकारानं कलेच्या आड येऊ नये," सुंदरराव म्हणाले.

मग साखराआत्या गर्दीतून वाट काढत पुढे आल्या आणि त्यांनी विचारले, "पानी कधी येनार हाय?"

तो आवाज ओळखीचा होता. सभागृह टाळ्यांनी दणाणले, शेकडो मोबाइल वर झाले. ऐकू गेले नसेल असे समजून आत्यांनी पुन्हा, मोठ्याने विचारले. पुन्हा टाळ्या, आणि मागून कुणीतरी वन्स मोअर दिला.

"कावून टाळ्या वाजवायलेत ही?" त्यांनी मला हळूच विचारले. मला फार वाईट वाटले. माझ्या घरी बोअर आहे, तरीही वाटले. तशी नोंद मी इतिवृत्तात घेतली आहे.

टाकी रिकामी ठेवण्याचा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. आत्या आजही घागर घेऊन टँकरला जातात. वाटेत रसिक त्यांच्यासोबत फोटो काढतात. ठरावाला सूचक म्हणून सुंदररावांचे नाव आहे. अनुमोदकांसाठी आम्ही पोटनियम केला: आत्यांचा प्रश्न ज्याला ज्याला आवडेल, त्याची संमती गृहीत धरावी.

आपण ही हकिकत इथवर वाचलीत, मध्ये एकदोनदा हसलातही. आपले नाव अनुमोदकांच्या यादीत घेतले आहे. हरकत असल्यास सात दिवसांत टाकीत उतरून मोठ्याने सांगावी. रेकॉर्डिंग चालू असते.