बुआफानबाईंची बैठक

हॉस्पिटलने दिलेला पट्टा आईच्या कपाळावर बांधताना सुनिसाच्या लक्षात आलं, की स्पंज भिजवायचं खारं पाणी संपलंय.

आईचं, म्हणजे बुआफानबाईंचं, पोट कित्येक वर्षं दुखत होतं. गोळ्यांनी हात टेकले, तेव्हा खोन केन शहरातल्या डॉक्टरांनी हा उपाय सांगितला: ओल्या स्पंजांमधून डोक्याला अगदी सौम्य वीजप्रवाह द्यायचा आणि तेवढा वेळ ध्यानात बसायचं. नर्स अरपिन मोबाइलच्या व्हिडिओ कॉलवरून लक्ष ठेवायची. कळा असह्य होऊन बाई आधी दोनदा अर्ध्यातून उठल्या होत्या. आजही उठल्या, तर पट्टा पुढच्या रुग्णाकडे जाणार होता.

"घरात मीठ असेलच ना? उकळलेल्या पाण्यात चिमूटभर घाला," अरपिन म्हणाली.

"आहे की!" म्हणत सुनिसा स्वयंपाकघरात गेली. मीठ नव्हतंच. त्या घरात रश्शापासून कैरीच्या फोडीपर्यंत सगळ्याला खारटपणा यायचा तो नामप्लाच्या बाटलीतून. मुरवलेल्या मासळीचं पाणी ते. शेवटी खारं ते खारंच, असं मनाशी म्हणत तिने त्यातच स्पंज बुडवले.

यंत्र सुरू झालं. बाईंनी डोळे मिटले. मग बुद्धाच्या नावाचा जप: श्वास घेताना 'बुद्', सोडताना 'धो'.

उकाड्याने वास सुटला. आधी घरची मांजर आली आणि मांडीवर चढली. मग शेजारचा बोका आला, तो थेट खांद्यावर. एक ओघळ बाईंच्या नाकावरून हनुवटीकडे निघाला. बोक्याने तो चाटला.

"बुद्," बाई पुटपुटल्या. "धो."

"काकूंच्या डोक्याशी काय हलतंय?" अरपिनने विचारलं.

"पंख्याची सावली," म्हणत सुनिसाने बोक्याची शेपटी ओढली. बोक्याने पट्ट्यालाच मिठी मारली.

"मासळी कोण करतंय गं, मला न बोलावता?" म्हणत शेजारच्या लमायमावशी दारात आल्या, आणि समोरचं दृश्य पाहून हात जोडून खालीच बसल्या. "अगं बाई! मुकी जनावरंसुद्धा शरण आली!"

"शरण कसली, मावशी? डोक्यावर बसलाय! तुमचा बोका उचला आधी!"

"मी नाही उचलायची. त्याला पुण्य लागतंय, लागू दे."

यंत्र वाजलं. बाईंनी सावकाश डोळे उघडले.

"पूर्ण बसलात, काकू!" अरपिनने टाळ्या वाजवल्या. "पट्टा तुमच्याकडेच. फक्त उद्यासाठी पाणी मी पाठवते."

सुनिसाला रडू फुटलं. "आई, ते पाणी..."

"नामप्ला. पहिल्याच थेंबाला कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू पट्टा सोडला असतास." बाईंनी बाहीने नाक पुसलं. "पोट दुखतच होतं गं. पण आज ते एकीकडे बसलं होतं आणि मी एकीकडे."

मग बोक्याला खाली ठेवत त्या म्हणाल्या, "आणि ही स्वस्तातली बाटली पुन्हा आणू नकोस. 'धो'चं काही नाही, पण 'बुद्' म्हणताना जीव जातो."