कुकीअभावी पाहणाऱ्यांची ओळख पटविणेबाबत

आपल्याकडे कोण पाहते हे ज्या संस्थेला ठाऊक नाही, तिला डोळस म्हणता येत नाही. आमच्या 'सुयोग वधू-वर सूचक मंडळ, भंडारा' या संस्थेला हे सत्य संकेतस्थळ सुरू झाल्यावर दुसऱ्या वर्षी उमगले. पहिल्या वर्षी आम्ही अज्ञानात होतो आणि नुसती लग्ने जमवीत होतो.

मी मंडळाचा सचिव. अध्यक्ष यादोरावजी. त्यांचे बाजारात पितळी भांड्यांचे दुकान आहे आणि त्याच दुकानाच्या माडीवर मंडळाचे कार्यालय आहे. (मागच्या बाजूला दिवसभर गुंड, म्हणजे पाण्याची पितळी भांडी, ठोकण्याचे काम चालते. कोणाचेच कोणाला ऐकू येत नसल्याने आमचे सर्व ठराव एकमताने होतात.) अध्यक्षांचा भाचा वीरेंद्र नागपूरला असतो. तो वर्तन विश्लेषक आहे. त्याचे स्वतःचे वर्तन कसे आहे याची चौकशी करण्याची आम्हाला कधी गरज वाटली नाही, कारण तो अध्यक्षांचा भाचा आहे.

कुकी म्हणजे काय, हे वीरेंद्रने सभेत समजावून सांगितले. जत्रेत चपला ठेवताना जसा बिल्ला मिळतो, तसा एक बिल्ला संकेतस्थळ येणाऱ्याच्या मोबाइलमध्ये हळूच टाकून ठेवते. तो माणूस पुन्हा आला की बिल्ल्यावरून ओळख पटते : हे तेच, काल साकोलीची मुलगी पाहून गेलेले. फरक इतकाच, की जत्रेतला बिल्ला आपली चप्पल आपल्याला परत मिळावी म्हणून असतो.

तर अलीकडे मोबाइलच हे बिल्ले फेकून देऊ लागले. लोकांचा खासगीपणा जपायचा आहे म्हणे. सभेने याचा तीव्र निषेध केला. लग्नासारख्या पवित्र कार्यात खासगीपणा शिरला तर समाजाचे काय होणार, असा प्रश्न अध्यक्षांनी विचारला आणि खाली गुंड ठोकणाऱ्यांनी त्याला दुजोरा दिला.

वीरेंद्रने मग पर्याय मांडले. पहिला पर्याय ठशाचा. मोबाइल कोणत्या बनावटीचा, पडदा केवढा, अक्षरे किती मोठी केलेली, भाषा कोणती, चार्जिंग साधारण किती असते, या गोष्टी एकत्र केल्या की प्रत्येक मोबाइल आपापल्या वळणाने ओळखू येतो. बिल्ला द्यावा लागत नाही, विचारावेही लागत नाही. (काचेला तडा कुठे गेला आहे तेवढे अजून कळत नाही. त्यावर काम सुरू आहे.) दुसरा पर्याय बोटाच्या चालीचा : पाहणारा कोणत्या ओळीवर थांबला, कोणता फोटो दोन बोटांनी ताणून मोठा केला. तिसरा सर्वांत सभ्य. मोबाइल नंबर दिल्याशिवाय सर्व वधू-वर धुक्यात दिसतात. नंबर दिला की धुके हटते आणि तो नंबर सभासद नोंदणीशी जुळवला जातो.

हे सर्व अर्थात परवानगी घेऊनच. 'सहमत' हे बटण हिरवे असून परातीएवढे आहे. 'असहमत' हा शब्द करड्या रंगावर करड्या रंगात लिहिलेला आहे. आजवर एकाही समाजबांधवाने असहमती दर्शवलेली नाही. ही एकी पाहून अध्यक्षांचे डोळे पाणावले.

महिनाभरात पहिले यश हाती आले. आंधळगावचा एक मोबाइल रोज दुपारी पुनर्विवाह विभागात येत होता. यंत्रणेने नंबर जुळवला. निघाले भैय्याजी : धानाची शेती, पत्नी निवर्तलेली, वय सत्तरीकडे झुकलेले. ते आंबागडच्या टिकाराम नावाच्या वराचा फोटो पुन्हा पुन्हा मोठा करून पाहत होते.

एखाद्या अडाणी माणसाला इथे शंका आली असती. वीरेंद्रला आली नाही. "स्पर्धकाचा अभ्यास," तो म्हणाला. "लग्नाळू माणूस आधी बाकीचे नवरे पाहतो." यंत्रणेने लगेच भैय्याजींना साजेसे स्थळ शोधले, तुमसरच्या मनकर्णाबाई, निवृत्त नर्स, विधवा. त्यांना संदेशही गेला : 'आंधळगावचे एक प्रतिष्ठित शेतकरी आपल्यात रस घेत आहेत.' मनकर्णाबाईंचे नाव त्यांच्या भावाने परस्पर नोंदवले होते. त्या संतापून पहिल्या एसटीने भंडाऱ्यास आल्या आणि माडी चढून म्हणाल्या, "कोण हाय तो बुढा? दाखवा मले."

अशा रीतीने अध्यक्ष, वीरेंद्र, मनकर्णाबाई आणि मी अध्यक्षांच्या गाडीने आंधळगावला पोचलो.

भैय्याजी घरापुढच्या छपरीत बसून दोरी वळत होते. गाडी पाहून शेजारचे दोघे-तिघेही येऊन बसले. गावात गाडी थांबली की येऊन बसायचे, त्याला सहमती लागत नाही. भैय्याजींनी आत हाक मारली, "चंदा, चहा ठेव वं, पाहुणे आले." चंदाबाई त्यांची सून. भैय्याजींचा मुलगा तीन वर्षांपूर्वी तापाने गेला. घरात आता हे दोघे आणि चंदाबाईंची मुलगी खुशबू, जी त्या वेळी शाळेत होती. मुलाचा मोबाइल घरातच राहिला होता. पुढे तो भैय्याजींच्या नावावर केला. घरात तेवढा एकच.

"भैय्याजी, लाजू नका जी," अध्यक्षांनी सुरुवात केली. "या वयातबी माणसाले सोबत लागते."

"कोणाले?"

"तुमाले."

"मले तं म्हैस हाय," भैय्याजी म्हणाले.

मनकर्णाबाईंनी पदर सावरला. "मंग माह्या मोबाइलवर कायले निरोप धाडता? मी काय रिकामी हावो का?"

भैय्याजींना काहीच उमगेना. तेव्हा वीरेंद्रने पिशवीतून टॅबलेट काढला आणि अहवाल मोठ्याने वाचू लागला. वर्तन विश्लेषणात आवाज स्पष्ट असावा लागतो. "पाहणारा रोज दुपारी जेवणानंतर येतो..."

"जेवल्यावर तं मी झोपतो, बाप्पा."

"ठसा चुकत नसतो, काका. पाहणारा आंबागडच्या टिकाराम यांचा फोटो मोठा करतो. खालची माहिती वाचतो. सगळ्यात जास्त वेळ थांबतो तो या ओळीवर : 'मूल असल्यास हरकत नाही.'"

चंदाबाई चहाचा ट्रे घेऊन दारात आल्या होत्या, त्या तिथेच थांबल्या. पुढे येता येईना, मागेही जाता येईना. चहा कपातून बशीत सांडत होता. शेजाऱ्यांपैकी एकाने दुसऱ्याकडे पाहिले. आंधळगावात त्या पाहण्याला फार वेळ लागत नाही. संध्याकाळपर्यंत ते चावडी ओलांडून जाते.

भैय्याजींनी दोरी खाली ठेवली. सुनेकडे त्यांनी पाहिलेच नाही. ट्रेकडे पाहिले, आणि मग शेजाऱ्यांकडे.

"हाव," ते म्हणाले. "मीच पाहून रायलो होतो. सुनेसाठी पाहत होतो. तिचा बाप नाही, मी हावो. मी नाही पाहीन तं कोण पाहीन?"

"पण काका, तुम्ही आत्ताच म्हणालात की दुपारी तुम्ही झोपता," वीरेंद्र म्हणाला. तो सत्यप्रिय आहे.

"पोरा, बंद कर थो डबा," मनकर्णाबाई म्हणाल्या. उठून त्यांनी चंदाबाईंच्या हातातला ट्रे घेतला आणि स्वतःच सगळ्यांना चहा दिला. वीरेंद्रला बशीतला दिला.

यंत्रणेचा अंदाज वय, लिंग आणि व्यक्ती या तीन बाबतींत किंचित चुकल्याचे निदर्शनास आले. बाकी अहवाल अचूक होता.

शेजारी उठून गेल्यावर चंदाबाई प्रथम बोलल्या. आवाज इतका बारीक, की अध्यक्षांना दुकानाच्या सवयीने ऐकूच आला नाही. "मामाजी, मी काही ठरवलं नोतं. मी नुसती पाहून रायली होती."

"पाह ना मंग," भैय्याजी म्हणाले. "पाहाले कोणी नाही म्हणलं का? मले सांगतलं असतं तं मी चष्मा घालून तुह्यासंग पाहिलं असतं."

त्या रडल्या नाहीत. त्यांनी वीरेंद्रला विचारले, "भाऊ, मी पाहिलं थे पुसता येते का?"

वीरेंद्रने माहिती दिली की येते, अवश्य येते. त्यासाठी अर्जदाराला आधी आपली ओळख पूर्ण पटवावी लागते : नाव, जन्मतारीख, आधार कार्ड हातात धरून काढलेला स्वतःचा फोटो, आणि आपण नेमके काय काय पाहिले याचे निवेदन. ते मिळाले की आम्ही अर्जदाराला विसरतो.

चंदाबाईंनी अर्ज केला नाही. यावरून त्यांची हरकत नसल्याचे मंडळाने गृहीत धरले.

आता टिकारामविषयी. हा गृहस्थ रोपवाटिकेत कामाला होता. फोटोत तो सागाचे रोप हातात धरून उभा होता आणि रोपापेक्षा जास्त अवघडलेला दिसत होता. दोन वर्षांत त्याचे स्थळ कोणी उघडले नव्हते, म्हणून त्याच्या अटीही नव्हत्या. परंतु पाहणाऱ्याची वार्ता पाहिला गेलेल्यापर्यंत पोचवणे ही आमच्या संकेतस्थळाची सोय आहे. तिला 'रस-सूचना' म्हणतात. आंधळगावाहून आपल्याकडे रोज पाहिले जाते, हे टिकारामला आमच्या गाडीच्या आधीच कळले होते.

रस-सूचनेनंतर आठवड्याच्या आत त्याने आपली माहिती सुधारली. 'मूल असल्यास हरकत नाही' ही ओळ गेली. तिच्या जागी आले : 'मूल आजोबांकडे राहिल्यास प्राधान्य.' बाजारात एकच गिऱ्हाईक एकाच टोपलीपाशी पुन्हा पुन्हा आले की भाजीवाली भाव वाढवते. टिकारामने वेगळे काही केले नाही. त्याला फक्त गिऱ्हाईक दाखवले गेले.

मंडळाने बैठक ठरवली, तेव्हा तो इस्त्रीचा शर्ट घालून आंधळगावला आला. मंडळाचा प्रतिनिधी म्हणून मी हजर होतो. चंदाबाई त्या दिवशी दारात थांबल्या नाहीत. भैय्याजींनी त्यांना आपल्याशेजारी खुर्ची दिली.

"फोटो आवडला म्हणते माहा," टिकाराम हसत म्हणाला.

"थे रोपटं चांगलं होतं," चंदाबाई म्हणाल्या. "पोरीचं काय जी?"

"पोरगी आजाजवळ राहीन. येऊन-जाऊन पाहता येते."

"आधी तं तुमी हरकत नाही म्हणून लिवलं होतं."

"आधीचं आधी," टिकाराम खुर्चीत मागे रेलला. "आता तुमीच तं रोज पाहून रायल्या होत्या ना?"

"पाहत होती जी," चंदाबाई म्हणाल्या. "आज दिसलं."

एवढे बोलून त्यांनी कपबशा उचलल्या, आणि त्याचा चहा अर्धा उरला होता तरी उचलल्या. भैय्याजी त्याला एसटीपर्यंत सोडून आले. पाहुणा तो पाहुणा.

वीरेंद्रच्या अहवालात या प्रकरणापुढे 'पाहणारा गमावला' असा शेरा आहे. गमावलेल्यांसाठी यंत्रणेत खास माया ठेवलेली आहे. भैय्याजींच्या मोबाइलवर दर आठवड्याला संदेश जातो : 'आम्हाला तुमची आठवण येते. तुम्ही कुठे आहात?' भैय्याजी सज्जन असल्याने दर वेळी उत्तर देतात : 'वावरात.' चंदाबाई मात्र तो मोबाइल हातात घेत नाहीत. दुपारी काय करतेस, असे मनकर्णाबाईंनी विचारले, तेव्हा म्हणाल्या, बसते. पूर्वी त्या दुपारी थोडा वेळ आंबागडला जाऊन येत असत, कोणाला न कळता आणि कोणाचे काही न बिघडवता. ती वाट आम्ही उजेड करून बंद केली. मनकर्णाबाई हल्ली अधूनमधून आंधळगावला येतात आणि चंदाबाईंना तुमसरच्या बाजारात घेऊन जातात. (हे आम्हाला कसे कळले, ते विचारू नये.)

वार्षिक सभेत काही सभासदांनी या प्रकाराबद्दल वीरेंद्रला फार धारेवर धरले. एका विधवा बाईच्या पाहण्यावर पाळत ठेवता, लाज वाटत नाही? वीरेंद्रने शांतपणे ऐकून घेतले. मग त्याने नवीन सोय जाहीर केली : 'तुमचे स्थळ कोणी पाहिले? येथे दाबा.' धारेवर धरणाऱ्यांनी सभा संपायच्या आधीच दाबले. दोघांचे मोबाइल गरम होऊन बंद पडले.

वाचकहो, तुम्हालाही चंदाबाईंसाठी वाईट वाटले असेल, आणि आमचा रागही आला असेल. तुम्ही आमचे सभासद नाही. कोण कुठे पाहते याची नोंद ठेवणे तुमच्या स्वभावातच नाही. प्रश्न एकच. मागच्या वेळी मोबाइलवर तुम्ही जे स्टेटस ठेवले होते, नव्या गाडीचे असेल, पोराच्या वाढदिवसाचे असेल, ते कोणी कोणी पाहिले, हे तुम्ही दिवसभरात कितीदा उघडून पाहिले? आणि ज्याने पाहिले, पण एका शब्दाने काही लिहिले नाही, त्याचे नाव आत्ता, मोबाइलला हात न लावता, तुम्हाला आठवले की नाही?

आठवले ना? कुकी लागली का?