करकोच्यांचे पंख आणि सुगरणीची गाठ

एका जंगलात, मुलांनो, सगळा माल आकाशातून जात असे. रानातला मध, करवंदे, कंदमुळे टोपल्यांत भरायची आणि करकोच्यांनी चोचीत धरून दरीपलीकडच्या डोंगरावर पोचवायची. या धंद्याची एक कंपनी होती. तिचा अध्यक्ष मोर. तो स्वतः शेजारच्या फांदीपलीकडे कधी उडाला नव्हता. त्यामुळे उड्डाणाविषयी त्याची मते अगदी ठाम होती.

कंपनीतला सर्वांत जुना करकोचा अंतोबा. त्याचे घरटे पलीकडच्या डोंगरावर होते. रोज खेप टाकायची, घरट्यात डोकवायचे, बायकोच्या पोटाखालची अंडी चोचीने हळूच फिरवायची आणि परतायचे, हा त्याचा नेम. त्यापायी तो कितीही जड टोपली उचली.

एके वर्षी मंदी आली. ती कुठून येते हे कुणालाच ठाऊक नसते. पण आल्यावर ती का आली हे सांगणारे पुष्कळ निघतात. मोराने त्यांतले एक वटवाघूळ सल्लागार नेमले. ते उलटे लटकत असे. त्याला घसरलेला धंदा चढलेला दिसे, आणि सगळ्यांना धीर येई.

आधी कंपनीने मासेभार लावला. करकोचा वाटेत जितके मासे खाईल, तितके माल पाठवणाऱ्याने द्यायचे. अस्वलाने मध पाठवणे बंद केले आणि घरीच खाल्ला.

मग वटवाघळाने विचारले, "करकोच्यांना एवढे मासे केव्हा लागतात?"

"उडाल्यावर," मोर म्हणाला.

"मग उडवता कशाला?"

सभा थक्क झाली. इतकी साधी गोष्ट आजवर कुणाला सुचली नव्हती.

सगळ्या करकोच्यांना नदीकाठच्या वाळूत रांगेने उभे करायचे ठरले. पंखांत धूळ जाऊ नये म्हणून सुगरणीने ते घायपाताच्या दोऱ्याने बांधायचे. सुगरणीची गाठ अशी, की ओढावी तितकी आवळते. ती सोडावी तिनेच.

अंतोबा पुढे आला. "साहेब, अंडी फुटायला आलीत. एकदा जाऊन येतो, मग खुशाल बांधा."

"चार दिवसांचा तर प्रश्न आहे, अंतोबा," मोर म्हणाला. "आणि आपण सगळे एक कुटुंब आहोत. कुटुंब इथे असताना तिकडे कशाला जायचे?"

बांधून झाल्यावर सुगरणीला काम उरले नाही. वटवाघळाने तिला काढून टाकले. ती कुठल्या रानात गेली, कुणी विचारले नाही.

करकोचे तसेही एका पायावर उभे राहतात. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटे, मजेत आहेत. पुढ्यातल्या पाण्यात मिळेल ते बेडूक टिपत अंतोबा डोंगराकडे बघत राही. जीव नुसता तगमगायचा. इकडे खर्च शून्यावर आला म्हणून वटवाघळाचा सत्कार झाला.

चार दिवसांचे वर्ष झाले. मग डोंगरावर खोकल्याची साथ आली. सगळ्यांना अडुळसा हवा झाला, तोही आजच्या आज. माल पाठवायला जनावरांची रीघ लागली. मोराने दुप्पट दर जाहीर केला आणि हुकूम सोडला, "उडा!"

करकोच्यांनी जोर लावला. गाठी आणखी आवळल्या.

"सुगरणीला शोधून आणा," मोर ओरडला.

"आणतो की," अंतोबा म्हणाला. "तेवढे पंख सोडा."

दुसऱ्या दिवशी एक तरणा करकोचा अडुळशाची जुडी घेऊन वाळूत दम खायला उतरला. तो डोंगरावरच्या नव्या कंपनीचा होता. त्याच्या डोळ्यांभोवतीची पिवळी कड अंतोबाने ओळखली. ती त्याच्या बायकोची होती.

"काका, तुम्हाला बांधलंय कुणी?" त्याने चोचीने दोरा ओढून पाहिला. गाठ आवळली.

"राहू दे बाळा. तुझी खेप चुकेल. घरी कोण असतं?"

"आई. बाबा मोठ्या कंपनीत आहेत. सारखे उड्डाणावर असतात, म्हणून त्यांना यायला जमत नाही, असं आई सांगते."

"खरं सांगते ती," अंतोबा म्हणाला. "फार उडतात ते."

पोरगा उडून गेला. अंतोबाने पाय बदलला.

तात्पर्य : मंदीत पंख नीट बांधून ठेवावेत आणि गाठ सोडणारीला आधी घरी पाठवावे. पंखांना धूळ म्हणून लागत नाही.