प्रल्हादचा ट्रामचा पास

प्रल्हाद डोंगरेनं मला फसवलं. नागपूरच्या लकडगंजात मी फळ्या वाहण्यापासून सुरुवात केली. आज तिथं माझं लाकडाचं दुकान आहे. पॉलिशखालचं हलकं लाकूड बोटानं वाजवून ओळखतो. तरी या माणसानं मला एक अख्खं शहर आतून न दाखवता विकलं.

प्रल्हाद माझा शेजारी. बायको गेल्यापासून एकटाच राहतो. गेल्या हिवाळ्यात तीन महिने जर्मनीत मुलाकडे, निखिलकडे, राहून आला. तेव्हापासून इथल्या सिटी बसमध्ये चढतानाही ड्रायव्हरला "गुटेन मॉर्गन" म्हणतो. ड्रायव्हर म्हणतो, "काका, पुढं सरका."

त्याचं एक वाक्य आमच्या गल्लीला पाठ आहे. "टॅक्सी करावी ती आजाऱ्यानं, नाहीतर नवरदेवानं! आपण महिन्याचा पास काढावा. ट्राम म्हण, बस म्हण, अख्खं शहर आपल्या बापाचं!"

पहिल्याच दिवशी त्यानं उमरेडच्या एसटीतल्या सवयीनं ट्रामच्या दारातूनच रिकाम्या सीटवर रुमाल फेकला. "शेठ, कोणी बसलंच नाही गा! सारे रुमालाकडे पाहून राहिले. शेवटी एका बाईनं उचलला, घडी केली न् माह्या हातात दिला." एका म्हातारीला त्यानं संत्रं सोलून दिलं. "नाही म्हणे. म्हटलं, घे वं माय, विकून नाही राहिलो. मंग दुसऱ्या हप्त्यात तिनंच बिस्कुट काढलं."

यंदा दिवाळीनंतर मीही गेलो; माझी मुलगी आता त्याच शहरात नोकरीला आहे. प्रल्हादनं निखिलसाठी चिवडा दिला होता. मुलगी टॅक्सी म्हणत होती, मी हट्टानं ट्राम धरली. मोठं चर्च आलं, नदी आली, फुलबाजार आला. सगळं त्यानं सांगितल्यासारखंच. चर्च पाहायला उतरलो, आत गेलो आणि मनात पाल चुकचुकली. आतलं प्रल्हादनं कधी काही सांगितलंच नव्हतं. चर्चचं नाही, कशाचंच नाही. त्याच्या साऱ्या गोष्टी खिडकीतून दिसतं तेवढ्याच होत्या.

निखिलच्या घरी चहा घेताना विचारलं, "तुझे बाबा दिवसभर काय करत होते गा इथं?"

"काका, आम्ही नवरा-बायको दोघंही घरूनच काम करतो. सारख्या मीटिंगा. आणि बाबांचा आवाज तर तुम्हाला माहीत आहे. मग मीच पास काढून दिला. सकाळी डबा घेऊन जायचे, अंधार पडला की यायचे. त्यांना आवडायचं."

माझा आवाज चढणार तेवढ्यात मुलीनं बाही ओढली. चहा तसाच ठेवून मी उठलो.

नागपूरला आलो तो भांडायच्या तयारीनंच प्रल्हादकडे गेलो. 'लबाडा' हा शब्द ओठांवर होता.

"निखिल बारीक तं नाही झाला ना गा?" त्यानं दारातच विचारलं. "चिवडा खाल्ला त्यानं?"

"खाल्ला. तू तिथं ट्राममधून उतरत काहून नव्हता, ते सांग."

तो सुपारी कातरत राहिला. "उतरून जाऊ कुठं? ट्राममध्ये गरम राहते. माणसं राहतात." मग अडकित्ता थांबला. "तू त्याले काही बोलला तं नाही ना? यंदा पुन्हा बोलावून राहिला तो मले. बिघडवू नको, शेठ."

"नाही बोललो."

तोपर्यंत ते खरं होतं. जिना उतरलो आणि निखिलला फोन लावला.

"तुह्या बापानं तक्रार नाही केली. मी माह्या मनानं विचारून राहिलो. बोलावलं आहेस त्याले, तं येऊ दे. पण मागच्या खेपेले ट्राममधल्या अनोळखी लोकांनी त्याले आपल्या बाजूले बसवलं. तू काहून नाही बसवलं? मीटिंग असंल तं थांबव. मी फोन ठेवत नाही. जवाब दे."