गोठ्यात नसलेलं नाव

मुलीचं नाव निवडण्यात माझी चूक होणं शक्यच नव्हतं! इन्सब्रुकच्या विद्यापीठात मी इतिहास शिकले आहे, निवडण्याआधी चार बाजूंनी विचार करायची मला सवय आहे. बाळंतपणाच्या वर्गात बाकीच्या बायका मिया, लेना, एमा हीच नावं मंडईतल्या टोमॅटोसारखी दाबून दाबून बघत होत्या. मला जुनं नाव हवं होतं. पणजीच्या पेटीतल्या लेससारखं, जरा पिवळं पडलेलं, पण हातानं विणलेलं. शोधता शोधता सापडलं: अल्मा.

कासिआनला, म्हणजे नवऱ्याला, मी एकदाच विचारलं. तो म्हणाला, "मस्त आहे. का कोण जाणे, अगदी घरचं वाटतं."

त्या 'घरचं'पाशी मी थांबायला हवं होतं. पण आठव्या महिन्यात पायांची रताळी झालेली बाई शब्दांपाशी थांबत नाही, खुर्ची दिसेल तिथे थांबते.

आमच्याकडे जन्माआधी नाव फोडत नाहीत, म्हणून सासू-सासऱ्यांना ते मुलगी झाल्यावरच कळलं. सासऱ्यांनी डोक्यावरची टोपी काढली. डोळे भरून आले. "आपल्या अल्मावरून?" त्यांनी विचारलं.

"आपलीच अल्मा, बाबा," मी म्हणाले. किती हळवे आहेत, असंही वाटलं. सासूबाईंनी मात्र माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चर्चमध्ये पायाला स्की लावून शिरले होते. बाळ करकोचा आणतो म्हणतात, म्हणून कासिआनच्या अग्निशमन दलातल्या मित्रांनी अंगणात रिवाजाप्रमाणे लाकडी करकोचा उभा केला, त्याच्या पोटावर लाल रंगात ALMA. येणारा-जाणारा ते वाचून हसायचा. मला वाटलं, दुसऱ्याच्या सुखात सुख मानणारं गाव आहे.

घरात राहून तुला ठाऊक कसं नव्हतं, असं तुम्ही विचाराल. आम्ही शहरातून इथे सासऱ्यांच्या घरात वरच्या मजल्यावर आलो तेच मुळी शरदात. उन्हाळाभर गाई वर डोंगरात होत्या. शिवाय सुक्या गवताच्या वासानं मला शिंका येतात, त्यामुळे गोठा आणि मी एकमेकांच्या वाटेला जात नव्हतो.

मुलगी आठवड्याची झाली आणि एका सकाळी नीट पिईना. घोट घ्यायची, मान टाकायची. मी तिच्या श्वासावर बोट धरून बसले होते. झोप म्हणजे काय हे मी तेव्हा फक्त ऐकून होते. इतक्यात खिडकीखालून सासऱ्यांचा आवाज आला. ते शेजाऱ्याला सांगत होते की अल्माचं लक्षण काही ठीक दिसत नाही, कालपासून तिनं कशाला तोंड लावलेलं नाही, बाईला बोलावलंय.

 म्हणजे खाली बसूनसुद्धा त्यांना दिसत होतं, आणि मला वाटत होतं उगाच घाबरतेय! बाळाला तपासायला घरी येणाऱ्या सुईणबाईंना फोन लावला, तर तिथे निरोपाचं यंत्र. निरोप ठेवला: अल्मा पीत नाहीये, लगेच या.

थोड्याच वेळात घरचा फोन वाजला. कुणी तरुण बाई घाईत होत्या. "अल्मासाठी निरोप होता ना? मी नेहमीच्यांच्या जागी बदली म्हणून आलेय. मान एका बाजूला टाकून पडलीय का?"

"हो. कायम डावीकडे."

"कान गार आहेत?"

मी चाचपले. गार होते!

"आज उठून उभी राहिली?"

"उभी? नाही हो. एकदाही नाही."

"वजन?"

"साडेतीन."

"बारीकच म्हणायची. हे बघा, मी निघालेच. तिच्या पाठीला पेंढ्याची गासडी लावा, कुशीवर लवंडू देऊ नका. तीन-चार दांडगी माणसं आणि दोर तयार ठेवा."

"दोर कशाला?"

"उठवायला. सलाईन लावूनही नाही उठली, तर मात्र वेळेवर खाटकाला सांगावं लागेल. जीव तळमळत ठेवण्यात अर्थ नाही."

फोन माझ्या हातून पडला. मी मुलीला छातीशी धरलं आणि रात्रीच्याच झग्यात जिना उतरले. अंगणात चार शेजारी दोर घेऊन उभे होते! आणि गोठ्याच्या दारातून आमच्या सुईणबाई बाहेर येत होत्या, पांढऱ्याफटक. त्यांनी सासऱ्यांना विचारलं होतं, अल्मा कुठे आहे. सासरे म्हणाले होते, गोठ्यात, मागच्या बाजूला, कालपासून तिथेच पडून आहे. इतक्या वर्षांच्या नोकरीत, त्या म्हणाल्या, पोलिसांचा नंबर त्यांनी पहिल्यांदाच अर्धा फिरवला होता.

मग मोटारीतून फोनवरच्या बाई उतरल्या. पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट. त्या जनावरांच्या डॉक्टर होत्या.

गाय अल्मा माझ्याच आठवड्यात व्याली होती आणि व्याल्यावर गाईंना होतो त्या दुग्धज्वरानं आडवी झाली होती. सलाईन लागलं तशी ती उठली आणि काही घडलंच नाही अशा चेहऱ्यानं चारा मागू लागली. माझ्या अल्माला सुईणबाईंनी तपासलं. नाक चोंदलं होतं, बस्स. नाक साफ झालं तशी तीही पिऊ लागली. दोघी सुधारल्या. मी तेवढी उरले.

दुपारी स्वयंपाकघरात सगळे जमलो. कचेरीत नाव नोंदवायचं राहिलं होतं आणि रविवारी बाप्तिस्मा होता. अंगणातला करकोचा पुन्हा रंगवावा लागला तरी चालेल, पण नाव बदलायचं, असं मी जाहीर केलं. माझ्याकडे दुसरी नावं होतीच.

"बर्टा," मी म्हणाले.

"लाथा मारायची," सासूबाई पावाचे गोळे वळता वळता म्हणाल्या.

"हेडविग?"

"स्वभावानं गरीब. दूध नव्हतं पण."

"फ्लोरा."

"आहे ना. दारातून दुसरी."

मी त्यांना विचारलं की माणसांचं चांगलं जुनं नाव या घरात एखादं तरी शिल्लक आहे का.

"तुझ्याही नावाची होती, फ्रोनी," त्या शांतपणे म्हणाल्या. "भांडखोर. तुमचं लग्न ठरलं तेव्हा ह्यांनी विकून टाकली. बरं दिसत नाही म्हणून."

कासिआननं सूपच्या वाडग्यात तोंड घातलं.  मग सासरे टोपी हातात फिरवत म्हणाले, "अल्मा माझी आई होती. कासिआन जन्मायच्या आधीच ती गेली. नंतर घराघरांत मुली झाल्या, पण ते नाव कुणालाच नको होतं. म्हातारं वाटतं म्हणायचे. मग सगळ्यात गुणी वासराला मीच ठेवलं. बोलवायला तरी कुणी हवं ना." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू ठेवलंस तेव्हा मला वाटलं, माणसांत परत आलं."

 मला रडू आलं, त्यात थकवा किती आणि खेद किती हे मला सांगता येणार नाही. पण आयुष्यभर मुलीची तब्येत सांगताना 'दोन पायांची' असं म्हणायची माझी तयारी नव्हती. मी ते त्यांना हळूच सांगितलं. त्यांनी मान हलवली. पटलं होतं, पण टोपी फिरायची थांबली नाही.

वाट त्यांच्याच रिवाजातून निघाली. वासराचं नाव आईच्या अक्षरावरून ठेवतात: अ ची अ, फ ची फ. म्हणजे ज्या अक्षराची गायच नाही, ते अक्षर कायमचं सुरक्षित! सासूबाईंनी बोटांवर गोठा मोजला. ओ ची एकही नव्हती, कधी नव्हतीच. "ओटिली!" मी म्हणाले, आणि परीक्षेत पहिली आल्यासारखी खुर्चीत मागे टेकले. त्याच्यामागे पणजीचं म्हणून अल्मा जोडायचं ठरलं. ओटिली अल्मा. ते ऐकून सासरे उठले आणि थेट गोठ्यात गेले.

रविवारी बाप्तिस्मा झाला. ओटिली एकदाही रडली नाही. घरी जेवण उरकल्यावर सासरे उभे राहिले. भाषण करायचा त्यांना सराव नाही. म्हणाले की अल्माचं वासरू नातीला भेट, आणि त्याचं नावही मी तिचंच ठेवलंय. आजोबांच्या वेळेपासून अक्षराचा रिवाज कुणी मोडला नव्हता, पण एवढं सुंदर नाव ऐकल्यावर त्यांना राहवलं नाही.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. खरं तर मी बरंच काही बोलू शकले असते. पण पहाटेपासून जागी होते.

"बाबा," मी विचारलं, "ती ओटिली रात्री झोपते का?"

"अगदी गाढ," ते अभिमानानं म्हणाले.

चला, एक तरी झोपते.