आबांचं नाक

नदीवर आबांच्या गळाला हात लावायचा असेल, तर आधी आपला हात त्यांच्या नाकाखाली धरावा लागतो. ते डोळे मिटतात, तळहातावर नाक फिरवतात, आणि निकाल देतात. मला त्यांनी पहिल्याच दिवशी परत पाठवलं होतं.

"साबणानं न्हाऊन आलाईस. जा, आधी चिखलानं हात घासून ये. शिंगाळा मासा मिशांनी वास घेतो गड्या. तुझा साबण त्याला पार पुलापातूर कळतो."

मी निमूटपणे चिखल चोळून आलो. पुलाच्या खालच्या अंगाला बसलेली सगळी गळकरी मंडळी आबांच्या नाकावर थक्क होती. खरी गोष्ट अशी होती, की आबांना त्या वेळी कसलाही वास येत नव्हता. माझे केस ओले होते, तेवढं त्यांनी पाहिलं होतं.

हे मला नंतर कळलं. आधी आबा कोण ते सांगतो. ते मूळचे शिराळ्याकडचे. सगळी नोकरी कुपवाडच्या एका कारखान्यात फिटर म्हणून केली. निवृत्त झाल्यावर सांगलीत आमच्याच गल्लीत, मुलगा आणि सुनेजवळ राहतात. कारखान्यातून त्यांनी एकच सवय बरोबर आणली, ती म्हणजे जुने नट जमवायची. तंगुसाला, म्हणजे गळाच्या नायलॉनच्या दोरीला, शिशाऐवजी ते नट बांधतात. "शिंगाळा तळाला फिरतो. आमिष वर तरंगाय लागलं तर त्यानं काय शिडी लावायची?"

आमिष हा आबांचा खरा विषय. कोंबडीची आतडी ते दोन दिवस उन्हात ठेवतात. त्यात कुटलेला सुका बोंबील, जोंधळ्याचं पीठ, चिमूटभर हिंग आणि शेवटी काकवी. कलेजी लावायची असेल तर ती दोऱ्यानं गळावर बांधायची, नाहीतर पाण्यात सुटून जाते. नागपंचमीला मात्र गांडुळं बंद. त्या दिवशी जमीन खणायची नाही, हा शिराळ्याकडचा नेम आबा सांगलीतही पाळतात. आदल्या दिवशी खणून ठेवावीत, असं मी एकदा सुचवलं.

"म्हंजे सणाला डब्यात कोंडायची व्हय?" आबा म्हणाले. मला दोन दिवस वाईट वाटत राहिलं. मला तसं कशाचंही वाईट वाटतं. गळाला गांडूळ लावताना मी मनातल्या मनात त्याची माफी मागतो, आणि रात्री आबांच्या सुनेनं पाठवलेलं कालवण खाताना माशाची. आबांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "माफी मागून मग खातोस. त्यो मासा वर जाऊन काय सांगत असंल रं?"

पण गळ टाकल्यावर या माणसाची सगळी बडबड थांबते. काठीला एक घुंगरू बांधलेलं असतं. ते वाजलं की मी उठायचो, आणि आबा माझा सदरा धरून खाली बसवायचे. "बस. अजून इचारतोय त्यो. खाऊ दे. तंगूस सरळ चाललं की वड."

नाकाचं गुपित फुटलं ते गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात. कितीतरी संध्याकाळी आबांच्या गळाला काही लागत नव्हतं. पाणी गढूळ, जागा जुनी, शेजारच्यांचे शिंगाळे ओळीनं पडलेले, आणि आबांचं घुंगरू गप्प. मंडळींना चेव आला.

"आबा, तुमच्याकडचं मासं बदली होऊन इस्लामपूरला गेलं जनू!"

"उपास असतील त्यांचं."

आबा हसले नाहीत. घरी येऊन त्यांनी आमिषाचा डबा माझ्यापुढे उघडला आणि म्हणाले, "जरा बघ बरं." मी वास घेतला.

"आबा, याला माक्याच्या तेलाचा वास येतोय."

त्यांनी वर फळीकडे पाहिलं. काकवीची आणि सुनेच्या तेलाची बाटली तिथं शेजारीशेजारी होती; काकवी समजून त्यांनी तेल ओतलं होतं. मग हळूच म्हणाले, "मावशी गेली त्याच्या पुढच्या साली मला ताप आला न्हवता का? तवापास्नं काय येत न्हाई. जेवनाचा न्हाई, गटारीचा न्हाई. नदीवर बोलू नको गड्या. तितं नाकाचीच काय ती इज्जत हाय."

मावशी म्हणजे त्यांची बायको. आम्ही गल्लीतले सगळे तिला मावशीच म्हणायचो.

त्या दिवसापासून मी आबांचं नाक झालो. रोज संध्याकाळी ऑफिसातून आलो की डबा हुंगायचा. "घाण येतेय" एवढं सांगून भागत नसे. हिंग पुढं आहे की बोंबील, आतडं आंबलंय की नासलंय, सगळं सांगावं लागे. नदीवर कुणी नवा माणूस हात पुढे करी, तेव्हा मी शेजारी बसून त्याला तंबाखूचा वास येत असेल तर खोकायचो. आबा डोळे मिटून जाहीर करायचे, "तंबाखू!" लोक माना डोलवायचे. आपण मासे आणि माणसं दोघांनाही फसवतोय, असं वाटून मला झोप लागत नसे. पण आबांचं घुंगरू पुन्हा वाजायला लागलं होतं, म्हणून मी खोकत राहिलो.

यंदा घटस्थापनेच्या आधी, रविवारी सकाळी, आबांनी मला घरी बोलावलं. आमच्याकडे घट बसायच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण नदीवर नेऊन धुतात. त्यांची सून सुनीता सोप्यात वाकळांचा ढीग बांधत होती.

"बघा हो तुमीच," ती मला म्हणाली. "मामा एक वाकळ सोडंनात. दोन वर्सं झाली, दसऱ्याच्या धुन्याला लपवून ठेवत्यात. देवीला काय म्हनायचं?"

आबांनी मला आत नेलं आणि दार लोटलं. खाटेवर एक जुनी वाकळ होती, मावशीनं लुगड्यांची शिवलेली.

"हिच्यात मावशीचा वास हाय का बघ," ते म्हणाले. "असला तर धुवू देनार न्हाई. गेला असला तर मग कशाला अडवायचं पोरीला? खरं सांग. मला बरं वाटावं म्हनून नको."

मी वाकळ नाकाशी धरली. एकदा वरून, एकदा घडीच्या आतून. आबा माझ्या तोंडाकडे बघत होते. खाटेखालीच आमिषाचे डबे होते.

"हिंग येतोय, आबा. बोंबील येतोय." मी पुन्हा एकदा घडीत नाक घातलं. "मावशींचा वास कसा होता, ते मला ठाऊकच नाही हो."

"व्हय की," ते म्हणाले. "तुला कसा ठावा असंल." मग तेच सांगू लागले. "म्हंजे बघ, चुलीचा धूर. आन शिकेकाई. आन भाकरी थापल्यावर हाताला पीठ ऱ्हातंय, तसा..." ते थांबले. "न्हाई. तसा न्हाई." पुन्हा सुरुवात केली, पुन्हा थांबले. बोंबील बाजारातला कुठला आणि कोकणातून आलेला कुठला, हे एके काळी वासावरून सांगणारा माणूस माझ्यासमोर शब्द शोधत बसला होता.

"मलाबी आता सांगता येईना बघ."

बाहेरून सुनीतानं हाक मारली, "मामा, रिक्षा आलीया. देताय न्हवं?"

आबांनी वाकळीवरून हात फिरवला. "न्हाई," ते मोठ्यानं म्हणाले. आणि मग मला, हळू, "आपल्याला येत न्हाई म्हंजे त्यो न्हाईच, असं कसं?"

सुनीता दारात आली. तिनं वाकळीकडे पाहिलं, मग सासऱ्याकडे. "आवं, मग नुस्तं ऊन तरी दावू का?"

"उनानं उडंल."

"बरं. ऱ्हाऊ द्या." ती ढीग उचलून गेली.

आबा खाली वाकले, आणि त्यांनी खाटेखालचे डबे एकेक करून बाहेर ओढले. मला वाटलं, अंगणात ठेवायचे असतील. पण त्यांनी दोन माझ्या हातात दिले, दोन स्वतः घेतले आणि माझ्या घराकडे चालू लागले.

ते डबे आता आमच्या जिन्याखाली असतात. बायको रोज बोलते. मी ऐकून घेतो.